रितिगला: जंगलातल्या डोंगरावरचा जुना बौद्ध मठ नीट कसा बघायचा

श्रीलंकेला जाणारे आपले बहुतेक लोक सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया आणि शेवटी एखादा बीच असं करून येतात, रामायणवाली टूर असेल तर अशोक वाटिका धरून. रितिगला त्यात सहसा नसतं. आणि जे जातात त्यातले बरेचजण अर्ध्या पाऊण तासात खाली येतात आणि ड्रायव्हरला म्हणतात, अरे इथे तर नुसते दगड आहेत.

आता त्यांचं तसं चूक नाही म्हणा. तिथे स्तूप नाही, बुद्धमूर्ती नाही, बोधिवृक्ष नाही, भिंतीवर एखादं चित्रसुद्धा नाही. जे भिक्खू इथे राहायचे त्यांनी हे सगळं ठरवून टाळलेलं. ते डोक्यात ठेवून गेलात तर तेच दगड बोलायला लागतात, नाहीतर पायपीट आणि वर जळवा. म्हणून आधी थोडं वाचून जा, आणि निवांत जा.

हे नेमकं आहे काय

श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, अनुराधपुर जिल्ह्यात, सपाट कोरड्या मुलखात मधेच उठलेली ही डोंगररांग. सगळ्यात उंच शिखर ७६६ मीटर, म्हणजे सिगिरिया, दांबुल्ला, मिहिंतले यांच्यापेक्षा उंच. जुनं नाव अरिट्ठ पब्बत, महावंस या श्रीलंकेच्या जुन्या पाली इतिहासग्रंथात ते येतं, राजा पंडुकाभय लढाईच्या आधी इथे तळ ठोकून होता असं त्यात आहे. नंतर भिक्खू गुहांमधून राहायला लागले, त्या गुहांवर इसवी सनापूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत. पण आज आपण जे अवशेष बघतो ते मुख्यतः ९व्या शतकातले, राजा पहिला सेन याने पांसुकूलिक भिक्खूंसाठी इथे विहार बांधून दिला तेव्हाचे.

पांसुकूलिक हा शब्द लक्षात ठेवा, सगळी किल्ली त्यात आहे. पांसुकूल म्हणजे धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या. त्या गोळा करायच्या, धुवायच्या, शिवायच्या आणि त्याचंच चिवर नेसायचं, ही त्यांची शिस्त. राजधानी अनुराधपुरातले मोठे विहार तोपर्यंत जमिनी, तळी, सोनंनाणं असं सगळं बाळगून श्रीमंत झालेले, तिथल्या थाटापासून लांब जाऊन ध्यान करणारी ही मंडळी. गंमत अशी की त्यांचा साधेपणा बघून राजानेच त्यांना दगडी वाट, तलाव, नोकरचाकर असं सगळं दिलं. विरक्ती फार गाजली की तिलाही बंगला मिळतो, काय करणार.

१०व्या-११व्या शतकात चोळांच्या स्वाऱ्या झाल्या, अनुराधपुर पडलं आणि हा मठही ओस पडून जंगलात गेला. १८७२ मध्ये जेम्स मँटेल नावाच्या सर्व्हेअरने त्याची नोंद केली आणि १८९३ मध्ये एच. सी. पी. बेल यांनी पुरातत्त्व खात्यातर्फे नीट पाहणी केली. तेव्हापासून थोडी साफसफाई, थोडी डागडुजी झालीय, पण बराच भाग अजून झाडाझुडपातच आहे, आणि मला विचाराल तर तेच बरंय.

कधी जायचं

आपला पावसाळ्याचा हिशोब इथे लावू नका. या भागात मुख्य पाऊस ईशान्य मान्सूनचा, साधारण ऑक्टोबर शेवट ते जानेवारी. आपण डिसेंबरच्या सुट्ट्यांत जातो आणि नेमके चिखलात आणि जळवांमध्ये सापडतो. फेब्रुवारी-मार्च उत्तम, अजून हिरवं असतं आणि वाट वाळलेली असते. मे ते सप्टेंबर कोरडं, वारा असतो, चालायला सोपं, पण खालचा मोठा तलाव तेव्हा नुसता वाडगा दिसतो. एप्रिलमध्ये उकाडा आणि दुपारी अचानक गडगडाट.

म्हणजे निवड अशी आहे की तलावात पाणी बघायचं असेल तर पावसानंतर लगेच जा आणि जळवा सोसा, आरामात फिरायचं असेल तर कोरड्यात जा. माझं मत फेब्रुवारीला.

वेळ सकाळचीच. सातच्या सुमारास हबरणाहून (मुक्कामाला सोयीचं गाव) निघालात तर गर्दी आणि ऊन दोन्ही चुकतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सिगिरिया सकाळी उरकून दुपारी अडीचला इथे पोचलो, पाय आधीच गेलेले, झाडीत चारलाच अंधारल्यासारखं व्हायला लागलं, आणि ड्रायव्हर खालून फोन करतोय की हत्तींची वेळ झाली. अर्धं बघून परत. सिगिरिया आणि रितिगला एका दिवसात कोंबायचं नाही हे तेव्हाच ठरवलं.

पौर्णिमेला तिथे सुट्टी असते, पोया म्हणतात. त्या दिवशी स्थानिक लोक सहकुटुंब धार्मिक ठिकाणी जातात, रस्त्यांवर आणि मिहिंतले-अनुराधपुरला चांगलीच गर्दी होते, तर तारीख ठरवताना कॅलेंडर बघून घ्या.

पोचायचं कसं

आपल्याला ईटीए लागतं, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी. ती सरकारच्या अधिकृत साईटवरूनच काढा, सर्च केलं की तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साईट वर येतात आणि जास्तीचे पैसे घेतात. फीचे नियम बदलत असतात म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात एकदा बघून घ्या.

विमान कटुनायकेला उतरतं, ते कोलंबोच्या उत्तरेला आहे, म्हणून कोलंबो शहरात शिरायची काही गरज नाही. तिथूनच कुरुनेगलामार्गे दांबुल्ला आणि पुढे हबरणा. एवढ्यात दिवस जातो असं समजा. मुक्काम हबरणाला करा. सिगिरिया-दांबुल्लालाही चालेल, पण सकाळची एक झोप जाईल.

हबरणाहून मरदनकडवलाच्या दिशेने जाणारा ए-११ रस्ता धरायचा, गणेवलपोला गावाशी रितिगलाची पाटी दिसते, तिथून आत वळायचं. आधी गावं आणि शेतं, मग जंगलातला अरुंद रस्ता. गेटपर्यंत बस जात नाही. बसने यायचं असेल तर गणेवलपोलाला उतरून टुकटुक करावी लागते, आणि तिथे एक चूक लोक हमखास करतात ती म्हणजे फक्त जायचे पैसे ठरवतात. परतीला वर टुकटुक मिळत नाही. जाणं, तीन तास थांबणं आणि परत मुख्य रस्त्यावर सोडणं, सगळं मिळून एकच आकडा आधी बोलून घ्या. ड्रायव्हर वयाने मोठा असेल तर अय्या म्हणा, सिंहलीत मोठा भाऊ, लगेच चेहरा खुलतो.

तिकीट गेटवर, रोख श्रीलंकन रुपये लागतील असं धरूनच चला, कार्डच्या भरवशावर राहू नका. पासपोर्ट जवळ ठेवा. श्रीलंकेत काही स्थळांवर सार्क देशांच्या लोकांना तिकीट कमी असतं, त्यामुळे लाजायचं नाही, विचारायचं. तिकीट शेवटपर्यंत सांभाळा.

गाईड घ्यावा का? घ्यावा. इथे माहितीचे फलक मोजके, आणि झुडपात लपलेली निम्मी जोती स्वतःच्या स्वतः कळत नाहीत. फक्त निघायच्या आधी पैसे आणि वेळ दोन्ही ठरवा आणि स्पष्ट सांगा की आम्ही हळू चालणार आहोत. नाहीतर तो बिचारा रोजच्या सवयीने तुम्हाला पळवतो.

बॅगेत काय आणि जळवांचं काय करायचं

माणशी दीड लिटर पाणी, थोडा सुका खाऊ, ग्रिप असलेले बूट, फुल पँट, पातळ फुल बाह्यांचा शर्ट, टॉर्च, आणि ऑफलाइन मॅप कारण झाडीत रेंज येते जाते. वर खायला प्यायला काही मिळत नाही. टॉयलेट हबरणालाच उरकून घ्या (वर नक्षीदार मुताऱ्या आहेत, पण त्या ९व्या शतकातल्या, त्यांच्याबद्दल पुढे सांगतोच).

पाऊस पडून गेला असेल तर जळवा असणारच. लीच सॉक्स मिळाले तर उत्तम, नाहीतर पँट मोज्यात खोचा आणि मोज्यांवर बाहेरून साबण किंवा मीठ चोळा. ओल्या पानांच्या ढिगात उभं राहून फोटो काढत बसायचं नाही, थांबायचं तर कोरड्या दगडावर, आणि दर दहा मिनिटांनी एकमेकांचे पाय बघायचे. चिकटलीच तर हिसका देऊन ओढू नका, तोंडाच्या बाजूला नख कातडीला घासत नेलं की सुटते. नंतर रक्त बराच वेळ येत राहतं कारण जळू रक्त गोठू न देणारा द्राव सोडते, घाबरायचं कारण नाही, धुवा, दाबून धरा, बँडेज लावा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र ओला सीझन टाळलेलाच बरा.

आता प्रत्यक्ष चालायला लागूया

गेटपासून थोडं चाललं की बंदा पोकुणाच्या बांधावर येता. पोकुणा म्हणजे पुष्करिणी, आपल्या पोखरणीचं सख्खं भावंड. परंपरा हा तलाव पंडुकाभयाचा सांगते. परीघ सुमारे ३६६ मीटर, आकार गोल नाही, बहुकोनी, आणि आत उतरायला दगडी पायऱ्या. लोक बांधावरून एक फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही पाच मिनिटं बसा आणि पाणी कुठून येत असेल ते बघा. डोंगरावरून येणारा ओढा अडवून हे केलंय, आणि हाच डोंगर मालवतु ओयाचा उगम आहे, म्हणजे जी नदी पुढे अनुराधपुरापाशी जाते तिचा. राजधानीच्या पाण्याच्या मुळाशी हे चिंध्यावाले भिक्खू बसलेले. तिथे बसल्यावर हे कळलं की डोंगर वेगळाच दिसायला लागतो. पायऱ्यांवर शेवाळ असेल तर उतरू नका.

तलावाच्या पलीकडे एक चौकोनी इमारतीचं जोतं, मधे खोलगट हौद आणि आजूबाजूला वाटायचे दगड. याला जंताघर म्हणतात, गरम पाण्याचं, औषधी वाफेचं स्नानघर. वर मठात जाण्याआधी अंग शुद्ध करायची सोय. वाटायच्या दगडांवर हात फिरवून बघायचा मोह होतो, पण बघण्यावर भागवा.

इथून ती प्रसिद्ध दगडी वाट सुरू होते, आणि माझ्यासाठी सगळ्या रितिगलाचं सार या वाटेत आहे. साधारण दीड मीटर रुंद, घडवलेल्या फरशा एकमेकींत नीट बसवलेल्या, कडेला दगडाची पट्टी, आणि ती डोंगराच्या कलाने पायऱ्या पायऱ्यांनी वर चढत जाते, मोठ्या झाडांच्या खालून. हजार-बाराशे वर्षं मुळं खालून ढकलतायत तरी बराच भाग अजून सरळ आहे. मधे मधे गोल चौथरे लागतात, आपल्याकडच्या ट्रॅफिक सर्कलसारखे, वाट त्यांच्यात शिरते आणि पलीकडून बाहेर पडते. गाईड सांगतील विश्रांतीसाठी. असेल. पण एक करून बघा, या वाटेवर न बोलता, चांगली हळू, एकाच लयीत चाला. चालत ध्यान करणं, चंक्रमण, हा भिक्खूंच्या दिनक्रमाचाच भाग होता आणि पायाखालच्या फरशा इतक्या एकसारख्या आहेत की पाय आपोआप लयीत पडायला लागतात. ग्रुप मोठा असेल तर त्यांना पुढे जाऊ द्या.

थोडं वर गेलं की जमिनीपासून खाली दबलेली मोठी अंगणं लागतात, भोवती दगडी भिंत, आत उंच जोती. पहिल्या ठिकाणाला दवाखाना म्हणतात, पुन्हा वाटायचे दगड आणि आडव्या शिळा आहेत. पुढे उजवीकडे एक फाटा ओढ्यावरच्या दगडी पुलाने एका मोठ्या खडकावरच्या जागेकडे जातो, कुणी त्याला किल्ला म्हणतं, कुणी ग्रंथालय. नावावर वाद घालत बसू नका, तिथून खालचं जंगल छान दिसतं आणि वारा येतो, खाऊ खायची जागा हीच (कागद, प्लास्टिक परत बॅगेत). मोठी माणसं सोबत असतील तर त्यांना इथपर्यंत आणून बसवा आणि बाकीच्यांनी पुढे जा.

मुख्य वाटेला परत लागून वर गेलात की जोड-चौथरे दिसायला लागतात, आणि इथेच लोकांचं ते नुसते दगड आहेत वालं वाक्य येतं. तर असं बघायचं. दोन चौकोनी चौथरे, पूर्व-पश्चिम मांडलेले, मधे एकाच दगडाच्या फळीचा पूल. एकावर इमारतीच्या खुणा, खांबांचे पाय वगैरे, आणि दुसरा बहुतेक उघडा. याला पधानघर म्हणतात. पधान म्हणजे प्रयत्न, म्हणजे ध्यानाची जागा. आतला चौथरा बाहेरच्यापासून वेगळा काढलेला, तिकडे जायला एकच अरुंद पूल. आता चौथऱ्यावर उभं राहून चहूकडे बघा आणि स्तूप कुठे आहे ते शोधा. नाहीच. मूर्तीघर नाही, बोधिवृक्षाचा कट्टा नाही. खांबांवर कोरलेली वेल नाही, पायरीला चंद्रशिला (दारापुढचा अर्धगोल दगड) नाही, असलीच तर कोरी. अनुराधपुर बघून आला असाल तर हे फार जाणवतं, कारण तिथे कितीतरी दारांशी हत्ती, घोडे, हंस कोरलेली चंद्रशिला असते.

आणि मग गाईडला विचारा, मुतारीचा दगड कुठे आहे. हसू नका, खरंच विचारा. या सगळ्या कोऱ्या मठात नक्षीकाम कशावर केलं असेल तर त्या दगडावर. अभ्यासकांचा अंदाज असा की राजधानीतल्या श्रीमंत विहारांचा थाटमाट त्या दगडावर कोरायचा आणि रोज त्यावर लघवी करायची, वैभवाला दिलेलं हे उत्तर. दुसरे म्हणतात तसं काही नाही, चांगल्या कारागिरीचा दगड एवढंच. मला पहिला अर्थ आवडतो, पण आवडतो म्हणून तो खरा असं नाही. त्या दगडावर पाय ठेवून फोटो काढणारे महाभाग मी पाहिलेत, तुम्ही काढू नका.

वाट पुढे अजून चौथऱ्यांपर्यंत जाते आणि मग संपते. शिखरावर जायला मात्र परवानगी नाही. १९४१ पासून हे कडक संरक्षित अभयारण्य आहे, सुमारे १५२८ हेक्टर, आणि अशा दर्जाची जंगलं श्रीलंकेत मोजकीच. कुणी स्थानिक पोरगा पैसे घेऊन वर नेतो म्हणाला तरी नाही म्हणा. वर जाणं येणं, बसणं धरून अडीच-तीन तास ठेवा.

संजीवनीचं काय

आपल्या लोकांचा पहिला प्रश्न हाच. हनुमान द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचे तुकडे पडले अशी कथा श्रीलंकेत आहे, आणि रितिगला त्यातला एक. रुमस्सला आणि हकगला या डोंगरांबद्दलही हेच सांगतात. कथा उगाच चिकटलेली नाही. खाली सगळा कोरडा मुलूख आणि शिखरावर मात्र धुकं, गारवा आणि डोंगराळ ओल्या भागात वाढणारी झाडं, म्हणजे बघणाऱ्याला वाटणारच की हा तुकडा इथला नाही, कुठून तरी आणून टाकलाय. कारण साधं आहे, सपाटीवर एकटा उभा असलेला उंच डोंगर ढग अडवतो आणि वर ओल टिकते. गावात एका दीर्घायुष्य देणाऱ्या वनस्पतीची आणि तिची राखण करणाऱ्या यक्षांची गोष्टही ऐकायला मिळेल. गोष्ट ऐका, पान तोडू नका. इथे काहीही तोडणं गुन्हा आहे.

हत्ती, साप आणि बाकी काळजी

रस्त्यावर हत्ती येतात, विशेषतः संध्याकाळी. चारच्या आत गेटबाहेर आणि उजेडात मुख्य रस्त्यावर, हा नियम पाळाच. हत्ती दिसला तर गाडी लांब थांबवा, हॉर्न नाही, फ्लॅश नाही, खाली उतरणं तर नाहीच. माकडांसमोर पिशवी उघडू नका. दगडांच्या फटीत हात घालू नका, साप असतात. ड्रोन घरीच ठेवा. काही झालंच तर ॲम्ब्युलन्स १९९० वर, फुकट आहे, आणि पोलीस ११९.

गुडघ्यांचा त्रास असेल तर तलाव आणि वाटेचा पहिला टप्पा एवढं सुद्धा पुरेसं आहे. लहान मुलांना आणू शकता, पण कडेवर घेऊन ओल्या पायऱ्या उतरणं धोक्याचं, त्यांना बोट धरून चालवा.

दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी अनुराधपुरला जाणार असाल तर मोठे स्तूप आणि जय श्री महाबोधी (तिथला पवित्र बोधिवृक्ष) झाल्यावर ड्रायव्हरला वेस्टर्न मॉनेस्ट्रीज म्हणून सांगा. शहराच्या पश्चिमेला तपोवन म्हणायचे तो भाग, याच पांसुकूलिकांचे तसेच जोड-चौथरे, तोच पूल, तीच कोरी जोती, आणि तिथले मुतारीचे दगड तर नक्षीने भरलेले. टूरवाले तिथे सहसा नेत नाहीत, रस्त्याला लागूनच आहे तरी. जाताना टोपी घ्या, तिकडे रितिगलासारखी सावली नाही.